परीक्षकाची परीक्षा

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांतील एका शनिवारीं, पौड येथल्या माझ्या घराच्या पडवींत, मी अडीच तास मांडी घालून बसलों आणि एका परीक्षेंत नापास झालों. १५० पैकीं मला ८६ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यास ९० लागतात. ज्या बाईंनीं माझी उत्तरपत्रिका तपासली त्या मुळशी धरणाच्या पलीकडच्या अंगास असलेल्या एका वाडीवर प्राथमिक शाळेंत शिकवितात. त्यांनीं तांबड्या शाईनें तो आंकडा लिहिला, त्याभोंवतीं सावकाश एक वर्तुळ काढलें, आणि तें पुरें होईपर्यंत मान वर केली नाहीं. अपयशी माणसाकडे न पाहण्याची ही सभ्यता मीं स्वतः तीस वर्षांच्या नोकरींत कितीजणांना दाखविली असेल, याचा हिशेब करीत मी त्या रात्रीं बराच वेळ जागा होतों.

माझा धंदा इंग्रजी शिकविण्याचा आणि त्याहूनहि अधिक परीक्षा घेण्याचा. वर्षांतून दोनदां उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, आणि मी चहाच्या पेल्यागणिक पांच-सहा विद्यार्थी निकालांत काढीत जातों. स्वतः परीक्षेला बसण्याचा माझा शेवटचा प्रसंग म्हणजे प्राध्यापकपदासाठीं असलेली ‘सेट’. तीहि गेल्या शतकांतली. त्यानंतर मला कोणी कांहीं विचारलें नाहीं. मीच विचारीत आलों. आणि मनुष्य बराच काळ प्रश्न विचारीत राहिला म्हणजे आपणांस उत्तरेंहि येतात असा त्याचा समज होऊन बसतो.

पौडचें घर वडिलांचें. ते याच खोऱ्यांत प्राथमिक शिक्षक होते. १९४७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ते ‘फायनल’ पास झाले, म्हणजे मराठी सातवी. आणि त्याच वर्षीं एका एकशिक्षकी शाळेचे ते शिक्षक, मुख्याध्यापक आणि घंटा वाजविणारे असे सर्व कांहीं झाले. पुढें कित्येक वर्षांनीं खात्यानें त्यांना ट्रेनिंग कॉलेजांत धाडलें आणि ते ‘पी. टी. सी.’ होऊन परत आले. त्या काळीं शिक्षकांच्या दोनच जाती, ‘ट्रेंड’ आणि ‘अनट्रेंड’. पगाराचा फरक तर होताच, पण गांवच्या पंगतींतहि तो थोडाफार दिसत असे म्हणतात. वडिलांचें तें प्रमाणपत्र अजून पत्र्याच्या ट्रंकेंत आहे. घडीवर फाटलेलें आहे, आणि फाटलेल्या जागीं मागून पोस्टाच्या तिकिटांची पांढरी किनार चिकटविलेली आहे. माझ्या कोणत्याहि पदवीची मीं इतकी शुश्रूषा केलेली नाहीं.

बाई प्रथम आल्या त्या सप्टेंबरांत, पितृपंधरवडा चालू असतां. पाऊस लागला होता. त्यांनीं ओला रेनकोट बाहेर खुंटीला अडकविला, पदरानें हात पुसले आणि प्लॅस्टिकच्या पिशवींतून एक जाडजूड मार्गदर्शक काढून माझ्यापुढें ठेवला. “सर, ह्यांतलं इंग्रजी तेवढं सांगाल का? बाकीचं मी करीन.” मी वडिलांचा मुलगा एवढीच माझी ओळख त्यांना होती, आणि गुरुजींच्या मुलाला विचारावयास हरकत नाहीं असें त्यांनीं धरून चाललें होतें. बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. २००१ सालीं त्या ‘शिक्षणसेवक’ म्हणून लागल्या. ही योजना २००० सालीं निघाली आणि तींत पहिलीं तीन वर्षें महिना ३,००० रुपये मानधन मिळे. चोवीस वर्षें झालीं. पौडांत त्यांचें लहानसें घर आहे, घरावर बँकेचें कर्ज आहे, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे; आणि एवढ्या सर्व गोष्टी, त्या दिवसापासून, त्या पिशवींतल्या पुस्तकावर येऊन टेकल्या होत्या.

प्रकरण असें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शिक्षकाच्या किमान पात्रता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेकडे आला. तिनें २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनें पहिली ते आठवीच्या शिक्षकांस ‘शिक्षक पात्रता परीक्षा’ आवश्यक ठरविली. महाराष्ट्रांत ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली २०१३ च्या डिसेंबरांत झाली. जे आधींच नोकरींत होते ते आपण या भानगडींतून सुटलों असें समजून स्वस्थ होते. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. खटला महाराष्ट्रांतूनच गेलेला होता. ज्यांच्या सेवानिवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि आहे अशा जुन्या शिक्षकांनींहि दोन वर्षांच्या आंत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें, न झाल्यास त्यांची नोकरी राहणार नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. पांच वर्षांहून कमी उरली असतील त्यांना नोकरी पुरी करतां येईल, पण परीक्षेवांचून बढती नाहीं. बाईंचीं अकरा वर्षें उरलेलीं. त्यांच्याच केंद्रांतल्या एका चौपन्न वर्षांच्या गुरुजींना हा निकाल कळतांच त्यांनीं पेढे वांटले, असें बाईंनीं सांगितलें. म्हातारपण लौकर आल्याबद्दल पेढे वांटणारा मनुष्य मीं त्यापूर्वीं ऐकला नव्हता.

एकट्या बाईंना इंग्रजी सांगण्याचें ठरलें होतें. दसऱ्यापर्यंत सातजण झाले. बाई धरून तिघे नोकरींतले, चौघे नोकरीच्या शोधांतले. आमची पडवी शनिवार-रविवार शाळा होऊन गेली. या परीक्षेची पहिली पत्रिका पहिली ते पांचवीच्या शिक्षकांसाठीं असते: बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकीं ३० प्रश्न, एकूण १५० प्रश्न आणि १५० मिनिटें. म्हणजे मुलाचें मन, मराठीचें व्याकरण, इंग्रजी उतारा, काळ-काम-वेग आणि शिवकालीन किल्ले यांच्यामध्यें श्वास घेण्यास जागा ठेवलेली नाहीं. सहावी ते आठवीकरितां दुसरी पत्रिका दुपारीं असते. तींत गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकीं एक बाजू पत्करावी लागते. चौघे तरुण दोन्ही पत्रिका देणार होते. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहींत, एवढी एक दया त्यांत आहे. आणि तिचा आधार घेऊन गणिताच्या प्रश्नांपुढें मीं जीं वर्तुळें काळीं केलीं त्यांतली निम्मीं तरी केवळ दैवावर सोंपविलेलीं होतीं.

माझी गुणपत्रिका मीं जपून ठेवली आहे. इंग्रजी २७, मराठी १९, बालविकास १५, परिसर १४, गणित ११. इंग्रजींतले तीन गेले ते मला अजून मान्य नाहींत. उताऱ्याला योग्य शीर्षक निवडावयाचें होतें. चार पर्यायांपैकीं दोन मला तितकेच योग्य वाटले, आणि तिसऱ्यांतहि तथ्य होतें. शीर्षकाच्या प्रश्नावर मी बाईंशीं वाद घालूं लागलों तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, “सर, उत्तरतालिकेंत ‘क’ आहे.” हेंच वाक्य मीं माझ्या वर्गांत, निराळ्या शब्दांनीं आणि अधिक रुबाबानें, किती वेळां उच्चारलें आहे! मराठीची गोष्ट वेगळी. प्रयोग ओळखा, समास ओळखा, या प्रश्नांत माझे अकरा गुण गेले, आणि तेथें वाद घालण्यास जागा नव्हती. आयुष्यभर जी भाषा बोललों ती कोणत्या प्रयोगांत बोललों हें मला सांगतां आलें नाहीं.

पण खरी मौज होती ती बालविकासांत. पियाजे, व्हायगॉट्स्की, कोहलबर्ग, पॅव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर ही सर्व मंडळी पडवींत येऊन बसूं लागलीं. पियाजेची मुख्य भिस्त त्यानें आपल्याच तीन मुलांवर वर्षानुवर्षें केलेल्या निरीक्षणांवर होती, हें मीं सांगितलें तेव्हां बाईंनीं सहज विचारलें, “तिघांच्या इयत्ता वेगवेगळ्या होत्या का?” त्यांच्या शाळेचा पट चौदा, शिक्षक दोन आणि इयत्ता चार. पियाजेचा पाण्याचा प्रयोग प्रसिद्धच आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखें पाणी घ्यावयाचें, मग एका पेल्यांतलें पाणी मुलासमोरच एका उंच, निमुळत्या भांड्यांत ओतावयाचें, आणि आतां कोठें पाणी जास्त आहे असें विचारावयाचें. साधारण सात वर्षांखालचें मूल उंच भांड्याकडे बोट दाखवितें. प्रमाण तेंच राहिलें हें त्याला उमगत नाहीं.

बाईंनीं हा प्रयोग सोमवारीं शाळेंत करून पाहिला. तशी त्यांची खोडच आहे. पुस्तकांत वाचलेलें त्यांना वर्गांत ओतून पाहावें लागतें. पहिलींतली सहा वर्षांची एक कातकऱ्याची मुलगी त्यांनीं पुढें बोलाविली. पोरीनें दोन्ही भांड्यांकडे पाहिलें आणि आपल्या बोलींत कांहीं सांगितलें. बाईंनीं मला त्याचें मराठी करून सांगितलें तें असें: पाणी तेवढेंच आहे, पण ह्या भांड्यानें आणलें तर वाटेंत कमी सांडेल. ही पोर आईबरोबर रोज झऱ्यावर जाते. “आतां सर, सहा वर्षांचं मूल काय म्हणेल असं परीक्षेंत विचारलं, तर मी काय लिहूं?”

मी म्हटलें, पुस्तकांत आहे तें. दुसरें काय म्हणणार? घरीं येऊन मीं थोडा शोध केला. १९६९ सालीं मेक्सिकोंतल्या कुंभारांच्या मुलांवर अशाच जातीचे प्रयोग झाले होते. मातीचा गोळा लांबविला, चपटा केला, तरी माती तेवढीच राहते हें त्या मुलांना, मातीशीं संबंध नसलेल्या मुलांपेक्षां, अधिक चांगलें समजत असल्याचें दिसून आलें. म्हणजे झऱ्यावरच्या या पोरीला मेक्सिकोंत भाऊबंद आहेत. हें मीं पुढच्या शनिवारीं बाईंना सांगितलें तेव्हां त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग त्यांनीं विचारलें, “हें तालिकेंत धरतील का?” धरणार नाहींत, हें त्यांनाहि माहीत होतें.

येथें मला मॅथ्यू आर्नल्डची आठवण होते. आम्ही लोक त्याला कवि आणि टीकाकार म्हणून शिकवितों आणि त्याच्या पोटापाण्याच्या उद्योगाचा उल्लेख एका ओळींत आटोपतों. तो १८५१ पासून १८८६ पर्यंत, पस्तीस वर्षें, शाळातपासनीस होता. १८६२ सालीं इंग्लंडांत नवा नियम आला: मुलांची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घ्यावयाची आणि तीवरून शाळेचें अनुदान ठरवावयाचें. आर्नल्डनें सरकारी नोकरींत असूनहि याविरुद्ध लिहिलें. शाळा परीक्षेपुरती शिकवूं लागेल, आणि जें मोजतां येत नाहीं तें वर्गांतून नाहींसें होईल, असा त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ. मी हें सर्व पडवींत मोठ्या आवेशानें सांगितलें. बाईंना बरें वाटावें हा हेतु होता.

बाईंना बरें वाटलें नाहीं. त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या कीं, सर, तसं पूर्ण खरं नाहीं. अपूर्णांकांचा भागाकार त्या पूर्वीं ज्या शाळेवर होत्या तेथें पांचवीला दहा-बारा वर्षें शिकवीत आल्या. ‘खालचा आंकडा वर घ्या, वरचा खालीं, आणि गुणा.’ कां, हें त्यांना स्वतःला कधीं कळलें नव्हतें, आणि मुलांनीं विचारूं नये म्हणून तो धडा त्या नेहमीं शनिवारीं, अर्ध्या दिवसाच्या शाळेंत उरकीत. परीक्षेच्या निमित्तानें तो आतां समोर येऊन उभा राहिला होता. तीन भागिले एक-द्वितीयांश बरोबर सहा. भागल्यावर आंकडा वाढतो कसा? पडवींतल्या सातांपैकीं सहाजणांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं माझ्या ११ गुणांचें स्मरण करून देऊन तो प्रश्न पुढें ढकलला.

सातवा एक तरुण होता, तिशीचा. डी. एल. एड. झालेला, पिरंगुटच्या एका कारखान्यांत रात्रपाळी करणारा. शनिवारीं तो झोंपेवांचूनच येई. त्यानें पाटीवर तीन भाकऱ्या काढल्या. “तीन भाकऱ्यांत अर्ध्या अर्ध्या चतकोऱ्या किती?” ‘अर्ध्या चतकोऱ्या’ हा शब्दप्रयोग चुकीचा आहे असें मी सांगणार होतों, पण तोंपर्यंत सर्वांना सहा दिसले होते. मग तो खालीं पाहून म्हणाला, “बाई, अर्ध्याचं हें तुम्हींच शिकवलंत मला. तिसरींत. भाकरी मोडून.” बाई त्याच्या तिसरीच्या वर्गशिक्षिका होत्या खऱ्या. पण आपण असें कधीं शिकविल्याचें त्यांना कांहीं केल्या आठवेना. ती आठवण खरी होती, कीं त्या मुलानें आपल्या बाईंना ती तेथल्या तेथें देऊं केली होती, हें मीं विचारलें नाहीं.

या मुलाची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. २०२० च्या जानेवारींत झालेल्या पात्रता परीक्षेला तो बसला होता आणि तीन गुणांनीं राहिला. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें पुणें पोलिसांनीं या परीक्षेंतील पैसे घेऊन गुण वाढविल्याचा प्रकार उघडकीस आणला, आणि २०२२ सालीं सात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द होऊन त्यांना पुढील परीक्षांसहि बंदी झाली. ज्या यादींत आपण तीन गुणांनीं आलों नाहीं तींतलीं हजारों नांवें खोटीं होतीं, हें ज्याला वर्तमानपत्रांत वाचावें लागलें त्याच्या मनाची अवस्था कोणत्या बालविकासाच्या पुस्तकांत सांपडेल? त्यानें ती कधीं बोलून दाखविली नाहीं. त्याच्याजवळ पात्रता आली तरी नोकरी येत नाहीं. पुढें अभियोग्यता चाचणी आहे, २०० गुणांची, आणि तिच्यापुढें जागा निघण्याची वाट. आणि जागा निघावयाच्या तर त्या कोठून?

हा प्रश्न पडवींत पहिल्या दिवसापासून बसलेला होता. फक्त त्याला कोणी पाट दिला नव्हता. अखेर एका तरुण बाईनें, जी तान्हें मूल सासूजवळ ठेवून येत असे, तो बोलून टाकला. “सर, जुने लोक नापास झाले तर आमची भरती होईल असं सगळे म्हणतात.” बोलून झाल्यावर तिचें तोंड गोरेंमोरें झालें. सर्वजण पुस्तकांत शिरले. मी परीक्षकाचा घसा खाकरला, पण शब्द सुचेना. बाई हंसल्या. “होईल कीं. माझी वाडी घेशील ना? पावसाळ्यांत ओढा आला कीं गाडी अलीकडे ठेवून चालावं लागतं, आणि जळवा मोजूं नयेत.” मग त्या एकदम गंभीर झाल्या आणि हळूच म्हणाल्या, “पण पोरांना कातकरी बोलींतलं थोडं तरी समजून घे ग. नाहीं तर पहिलीचं वर्ष नुसतं रडण्यांत जातं.” त्या दिवशीं पुढें इंग्रजी झालें नाहीं.

त्या मुलीचें बोलणें मला अजून टोचतें, कारण त्यांत असत्य कांहीं नव्हतें. एकाच सतरंजीवर बसून एकमेकांचे गणित-इंग्रजी पक्कें करून घेणारीं हीं माणसें एका बाजूनें परस्परांचे प्रतिस्पर्धी होतीं. तो मुलगा बाईंना शतमान-शेकडा सरव्याज शिकवी तेव्हां तो आपलीच संभाव्य जागा आपल्याच हातानें बुजवीत होता, हें न समजण्याइतका तो भोळा नव्हता. आणि तरीहि तो त्यांना शिकवीत होता, अंक मोठे काढून, कारण बाईंचा चष्मा बदलावयाचा राहिला होता. मी न्याय-अन्यायाचा विचार करूं लागलों कीं दर वेळीं निराळ्या जागीं येऊन थांबतों. चोवीस वर्षें शिकविणाऱ्याला एके सकाळीं तुझी पात्रता सिद्ध कर म्हणणें क्रूर आहे. पण कायदा पोरीच्या बाजूनें लिहिलेला आहे, शिक्षकाच्या नव्हे. आणि शनिवारीं उरकलेल्या त्या अपूर्णांकांची भरपाई त्या दहा-बारा वर्षांतल्या मुलांना कोण देणार? हा प्रश्न मीं विचारलेला नाहीं, बाईंनींच विचारला. मीं असता तर विचारण्याचें धैर्य मला झालें नसतें. माझ्याहि वर्गांत असे कांहीं धडे आहेत कीं जे मी वर्षानुवर्षें घाईनें ओलांडतों. मला मात्र त्यांविषयीं निवृत्तीपर्यंत कोणी विचारणार नाहीं.

सरावासाठीं मीहि कांहीं प्रश्न रचले. परिसर अभ्यासाकरितां मुळशीवर एखादा प्रश्न असावा म्हणून मीं लिहिलें: मुळशी सत्याग्रहांत खालीलपैकीं कोण होतें? पर्याय तीन पटकन् सुचले: सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव. चौथें चुकीचें नांव शोधावयाचें कीं ‘वरीलपैकीं सर्व’ लिहावयाचें, याचा विचार करीत मी ओसरीवर येऊन उभा राहिलों. तिघेहि होते, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याच पर्यायांत बसणार नाहींत असे मावळे तर शेंकड्यांनीं होते. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजीं, तो सत्याग्रह सुरू झाला; टाटांच्या वीजयोजनेसाठीं मुळा-निळेच्या संगमावर धरण व्हावयाचें होतें आणि खालचीं भातखाचरें, देवळें, घरें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. जमीन गेली. वडिलांची पहिली शाळा त्या जलाशयाच्या कांठच्या एका गांवीं होती. खरें गांव पाण्यांत, आणि शाळा वर डोंगरउतारावर उठून आलेल्या लोकांत. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं म्हातारीं माणसें मुलांना कांठावर नेऊन आपलें घर कोठें होतें तें बोटानें दाखवीत, आणि वडील त्या दिवशीं भूगोलाचा तास घेत नसत. आतां यांतलें उत्तर कोणत्या वर्तुळांत काळें करावयाचें? शेवटीं मीं ‘वरीलपैकीं सर्व’ असें लिहून दिलें. सातांपैकीं पांचांनीं ‘सेनापति बापट’ निवडलें. दोघांना बरोबर गुण मिळाले. बाई त्या दोघांत होत्या. त्यांचें सासर अशाच उठून आलेल्या गांवचें आहे.

परीक्षा २३ नोव्हेंबरला, रविवारीं होती. आदल्या रात्रीं थंडी पडली होती. पहाटे मीं मोटार काढली. पुढें तो मुलगा, मागें बाई, ती तरुण आई आणि दुसरी एक मुलगी. भाताची कापणी बहुतेक आटोपली होती. पौडच्या बाहेर खळ्यावर पेंढ्या रचलेल्या होत्या आणि आंबेमोहराचा वास थंड हवेंत अगदीं रस्त्यापर्यंत आला होता. कोणी बोलत नव्हतें. भूगांवपाशीं बाईंनीं कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या पुटपुटावयास सुरुवात केली आणि चांदणी चौकांत त्या तिसऱ्या पायरीवर अडकल्या. मुलानें मागें न वळतां चौथी सांगितली.

पुण्यांतल्या त्या केंद्राबाहेर मी दिवसभर होतों. फाटकाशीं एखाद्या जत्रेसारखी गर्दी. पन्नाशीच्या घरांतले गुरुजी प्रवेशपत्र उलटसुलट करून आपला बैठक क्रमांक शोधीत होते. एका बाईंना त्यांची मुलगी, चांगली महाविद्यालयांत जाणारी, पेन चालतें कीं नाहीं तें तळहातावर घासून दाखवीत होती. एक बाप्या कडेवर मूल घेऊन भिंतीच्या सावलींत फेऱ्या घालीत होता. मूल रडूं लागलें कीं तो त्याला फाटकाकडे नेऊन आंतली इमारत दाखवी. घंटा झाली आणि सर्व रस्ता एकाएकीं रिकामा पडला. माझ्या वडिलांना ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षेला कोणी पोंचविलें असेल, हा विचार मला तेव्हां प्रथमच सुचला. बहुधा कोणी नाहीं. ते पौडाहून चालत आले असतील.

बाईंची एकच पत्रिका. दुपारीं त्या मोकळ्या झाल्या. बाहेर येऊन त्यांनीं पाणी मागितलें आणि म्हणाल्या, “सर, पेपराचं कांहीं विचारूं नका.” मीं विचारलें नाहीं. तरुणांची दुसरी पत्रिका संपेपर्यंत आम्ही समोरच्या उपाहारगृहांत बसलों. बाईंनीं चहा घेतला, आणलेला डबा मात्र उघडला नाहीं. शाळेंतल्या त्या झऱ्यावरच्या पोरीविषयीं त्या बराच वेळ बोलत होत्या. तिचे आईबाप दिवाळीनंतर कोळशाच्या भट्टीवर जातात. यंदां पोरीला आजीजवळ ठेवण्यास बाईंनीं त्यांना कसेंबसें राजी केलें होतें. “गेली असती तर होळीपर्यंत आली नसती. मग पुन्हां पहिल्यापासून.”

परततांना अंधार पडला. त्या मुलाची रात्रपाळी होती, म्हणून पिरंगुटला कारखान्याच्या फाटकाशीं मीं मोटार थांबविली. तो उतरला, आणि बाईंनीं खिडकींतून हात काढून आपला डबा त्याच्यापुढें धरला. तो नको नको म्हणाला. “घे रे, भाकरीच आहे,” बाई म्हणाल्या, “उद्यां आणून दे.” त्यानें डबा घेतला आणि दिव्याखालून आंत गेला.

पौड आलें. दुकानें अजून उघडीं होतीं. शाळेंतले खडू शुक्रवारींच संपले होते, म्हणून बाईंनीं मला बाजारांत जरा थांबावयास सांगितलें.